विलापाची स्तोत्रे मराठी घरात कशी आली

29 मार्च 2020, टाळेबंदीचा पाचवा दिवस आणि रविवार. ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या चर्चची दारे बंद होती. कॅथलिक उपासनेत त्या दिवशी नेमलेली वाचने अशी: मी तुमच्या कबरी उघडीन हे यहेज्केल संदेष्ट्याचे वचन (अध्याय 37), खोल जागेतून देवाला मारलेली हाक म्हणजे बायबलच्या स्तोत्रसंहितेतले स्तोत्र 130, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11 व्या अध्यायातला येशूचा मित्र लाजरस याचा मृत्यू. साथ आली म्हणून ती कोणी निवडली नव्हती. 1969 मध्ये सुरू झालेल्या तीन वर्षांच्या वाचनचक्रातल्या पहिल्या वर्षी, प्रायश्चित्तकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पाचव्या रविवारी तीच येतात. दुःखात स्वतःहून पुस्तक उघडायचे बळ नसते, म्हणून नेमलेल्या वाचनाचे मोल आम्हाला फार वाटते.

पण ही वाचने मराठीत ऐकायला मिळणे ही ठाण्याच्या ख्रिस्ती इतिहासात अगदी अलीकडची गोष्ट आहे. 1321 मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाण्यात मारले गेले, इतका हा इतिहास जुना. त्यांची प्रार्थना मात्र लॅटिन होती, आणि पुढे पोर्तुगीज अमलातही मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) लॅटिनमध्येच राहिली. मराठी आधी आली ती पुराणाच्या रूपाने. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये गोव्यात राचोल इथे छापले गेले: सुमारे 11,000 ओव्या, तेही रोमन लिपीत. पूर्वीची पुराणे सुटली, आता आम्ही वाचायचे काय, हा नवख्रिस्ती लोकांचा सवाल ग्रंथाच्या आरंभीच आहे. आपला सारा ऐकीव ठेवा गमावलेल्या माणसांसाठी ते लिहिले गेले. ते बायबलचे भाषांतर नव्हे, ओवीत सांगितलेली कथा आहे. आई मुलाला जे म्हणून दाखवते, तेच अडचणीच्या वेळी तोंडी येते. त्यामुळे ओवी घेण्याचा निर्णय फार शहाणपणाचा होता.

भाषांतर आले ते प्रॉटेस्टंट मिशनांमुळे. विल्यम कॅरी यांनी बंगालमधल्या सेरामपूरहून 1805 मध्ये मराठी मत्तयाचे शुभवर्तमान आणि 1811 मध्ये नवा करार काढला. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले. संपूर्ण मराठी बायबल 1847 चे. ठाण्यात 1825 मध्ये बिशप हेबर यांनी सेंट जेम्स या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पंथाच्या, चर्चचे अर्पण केले. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात 150 स्तोत्रे महिन्याच्या 30 दिवसांवर, सकाळ-संध्याकाळ अशी वाटलेली आहेत. स्तोत्र 130 येते 27 तारखेच्या संध्याकाळी, आणि सर्वांत काळेकुट्ट स्तोत्र 88 येते 17 तारखेच्या सकाळी. मन प्रसन्न असो वा नसो, 17 तारखेला ते वाचायचेच.

पंडिता रमाबाईंचे काम वेगळेच. 1896–97 च्या आणि त्यानंतर 1900 च्या दुष्काळात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो स्त्रिया आणि मुली आल्या. त्यांना प्रचलित बायबलची संस्कृतप्रचुर भाषा जड जात होती. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल असे भाषांतर त्यांनी वर्षानुवर्षे एकटीने केले. छपाईही तिथल्या स्त्रियांनीच केली. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या, आणि 1924 मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले. बायबलमधल्या विलापगीत या पुस्तकाची पाने तपासणाऱ्या या बाईला विलाप काय असतो हे कोणी शिकवायला नको होते.

कॅथलिक घरांत बदल झाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) लोकभाषेला वाट दिल्यावर. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' हे त्याच वाटेवरचे मोठे फळ. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

या इतिहासातून एक व्यावहारिक घोटाळाही उरला आहे. जुन्या लॅटिन पद्धतीत स्तोत्र 10 पासून 147 पर्यंतचे आकडे बहुधा एकाने कमी असतात. आजीच्या जुन्या प्रार्थनापुस्तकातले 129 म्हणजे आजचे 130, आणि तिथले 22 म्हणजे मेंढपाळाचे 23. आकडा न जुळल्यास एक पुढचे स्तोत्र पाहावे.

याहून मोठा घोटाळा सुटी वचने उचलण्याचा. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला 29:11 (अध्याय 29, ओळ 11) मधला देवाचा हिताचा संकल्प मोबाइलवर रोज फिरतो. ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या यहूदी बंदिवानांना लिहिलेले पत्र आहे. त्याच्या आधीच्याच ओळीत सत्तर वर्षे थांबा असे आहे, आणि 5 ते 7 ओळींत घरे बांधा, बागा लावा, त्या परक्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा असे आहे. दोन वर्षांत सुटका होईल असे सांगणारा हनन्या अध्याय 28 मध्ये खोटा ठरतो. आजारी माणसाला फक्त 11 वी ओळ पाठवली की नकळत आपण हनन्याच्या बाजूला जातो. सारे गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकातल्या 8:7 ची गत तशीच. 'आरंभ लहान, शेवट मोठा' ही ओळ भिंतीवर लावतात, पण बोलणारा ईयोबाचा मित्र बिल्दद आहे. तीनच ओळी आधी त्याने ईयोबाच्या मेलेल्या मुलांच्या पापाचा उल्लेख केलेला असतो, आणि 42:7 मध्ये देव या मित्रांवर रागावतो. ईयोब वाचताना कोण बोलतो आहे हे प्रत्येक अध्यायाच्या सुरुवातीला पाहावेच.

दुःखात विलापाची स्तोत्रे वाचायची तर सुरुवात स्तोत्र 13 ने करावी. सहाच ओळी आहेत. पहिल्या दोनमध्ये 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो, पुढच्या दोनमध्ये मागणे, शेवटच्या दोनमध्ये भरवसा. मोठ्याने, एका दमात नव्हे तर दोन-दोन ओळींवर थांबून वाचावे. भरवशाच्या ओळी आज तोंडातून निघत नसतील तर चौथ्या ओळीवर थांबायला हरकत नाही. आठवडाभर तिथेच थांबलेले चालते. 42 आणि 43 एकत्र वाचावीत, कारण 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास' हे पालुपद दोन्हींत मिळून तीनदा येते आणि गाणे 43 मध्येच पुरे होते. 88 एकट्याने वाचू नये, कोणीतरी शेजारी बसलेले असावे. त्यात भरवशाचे वळण येत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्द 'अंधार' असा आहे, आणि तरी ते स्तोत्रसंहितेत ठेवलेले आहे.