तारा: नावाचे खरे सोयरे आणि नुसते सारखे दिसणारे

तारा म्हणजे चांदणी, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पण ऋग्वेदात ‘चांदण्यांनी’ या अर्थी ‘स्तृभिः’ असं रूप येतं, आणि त्यातला सुरुवातीचा ‘स’ फार मोलाचा आहे. लॅटिन स्टेला, फारसी सितारा, वेल्श सेरेन ही मुलींची नावं त्याच ‘स’पासून सुरू होतात. तिन्हींचा अर्थ चांदणीच. इंग्रजी स्टार आणि ग्रीक आस्टेर हेही याच कुळातले.

मग ‘तारा’मधला ‘स’ गेला कुठे? या भाषाकुळात काही शब्दांतला आरंभीचा ‘स’ कधी टिकतो, कधी गळतो. संस्कृतातच पाहा: ‘पश्यति’ म्हणजे पाहतो, तिथे ‘स’ नाही, पण ‘स्पश’ म्हणजे हेर, पाळत ठेवणारा, आणि तिथे तो शाबूत आहे. असा बदल अनेक शब्दांत सापडला तरच भाषाशास्त्रज्ञ नातं मानतात. कानाला सारखं वाटणं पुरत नाही. म्हणूनच ॲस्ट्रिड या नावात चांदणी नाही; जुन्या नॉर्स भाषेत ते ‘देव’ आणि ‘सुंदर’ या दोन शब्दांपासून झालं. आयर्लंडमधल्या मुलींचं तारा हे नाव तर हुबेहूब आपलंच वाटतं, पण ते मीथ परगण्यातल्या तारा टेकडीवरून आलं. तिचं आयरिश नाव तेव्हिर. आपल्या तारेशी तिचं काही नातं नाही.

गंमत म्हणजे आपल्याकडेही तारा एकच नाही. बौद्धांची देवी तारा ही ‘तॄ’ धातूतली, पार नेणारी. मराठीत तरणं, तारणं आणि जहाजाला म्हणतात ते तारू, सगळी तिचीच भावंडं. ‘देव तारी त्याला कोण मारी’ म्हणताना आपण हाच धातू वापरतो. वेरूळच्या ९ क्रमांकाच्या लेण्याच्या दर्शनी भागावर ही तारा कोरली आहे. साप, हत्ती, आग, फुटणारं गलबत अशा संकटांतून ती भक्तांना सोडवते. ते शिल्प बघताना घाई करू नये. आसपासची भव्य लेणी पाहायच्या नादात लोक त्याच्यासमोरून सरळ पुढे जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

१७०० साली राजाराम महाराजांच्या निधनानंतर औरंगजेबाशी लढा चालू ठेवणाऱ्या महाराणी ताराबाईंच्या नावात मला तरी चांदणीपेक्षा हा दुसरा अर्थच ऐकू येतो. व्युत्पत्तीचा तो पुरावा नव्हे, माझी भावना आहे.

तिबेटी अनुवादकांनी मात्र निवड केली. देवीचं नाव आपल्या भाषेत आणताना त्यांनी चांदणी बाजूला ठेवली आणि ‘सोडवणारी’ या अर्थाचा शब्द घेतला: डोल्मा. धरमशाळेत किंवा कर्नाटकातल्या बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीत या नावाच्या कितीतरी मुली भेटतील. उच्चारात ओळखीचं काहीच नाही, तरी वेरूळच्या ताराचंच ते नाव.