फ्लो (अ‍ॅनिमेशनपट)

फ्लो : (मूळ लॅटव्हियन नाव ‘स्ट्राउमे’, म्हणजे प्रवाह). लॅटव्हियाचे दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस (जन्म १९९४) यांचा २०२४ सालचा संवादविरहित अ‍ॅनिमेशनपट. लांबी सुमारे ८५ मिनिटे; लॅटव्हिया, फ्रान्स व बेल्जियम यांची संयुक्त निर्मिती. माणूस नाहीसा झालेल्या जगात महापूर येतो आणि गडद करड्या रंगाचे एक मांजर जीव वाचवण्यासाठी होडीत चढते, एवढेच कथासूत्र. प्रलयानंतरच्या जगाची कल्पना करणारे चित्रपट पुष्कळ आहेत. त्यांतले बहुतेक जग कसे बुडाले हे सांगण्यात रमतात. फ्लो त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. प्रेक्षकाला तो इतका आतून हलवतो, याचे मूळ या मौनात आहे.

चित्रपटात माणूस नाही. त्याचे प्रेतही नाही. दिसते ते जंगलातले एक घर आणि त्याच्याभोवती मांजरांची शिल्पे. काही हाताएवढी, एक तर झाडांच्या शेंड्यांशी स्पर्धा करणारे. आत टेबलावर मांजराचे रेखाचित्र पडलेले आहे, कोरायचे काम अर्धवट राहिले आहे. मांजर माडीच्या खिडकीतून आत शिरते आणि नेहमीच्या बिछान्यावर अंगाचे वेटोळे करून झोपते. इथे कुणीतरी या प्राण्यावर जीव लावला होता आणि तो माणूस आता येणार नाही, हे कळायला दुसरे काही लागत नाही. मांजराला मात्र त्याचे काही वाटताना दिसत नाही. बिछाना ऊबदार आहे, तेवढे त्याला पुरते. शोक करायचे काम प्रेक्षकाच्या वाट्याला येते.

मग पाणी चढते. मांजर त्या सर्वांत मोठ्या शिल्पावर चढत जाते. खांदा, मान, मग डोके. पाणी पंजांना लागते तेव्हा दगडावर टेकलेली नखे आणि मागे पडलेले कान एवढेच बघत राहावे लागते. कॅमेरा बहुतेक वेळ मांजराच्या उंचीवर असतो आणि दृश्य न तोडता लांबवर त्याच्या मागे धावतो. त्यामुळे पूर आकाशातून दिसणारे संकट राहत नाही. तो पोटाला भिजवणारा होतो. पाण्याची भीती हा विषय झिल्बालोडिस यांच्या मनात जुना आहे. २०१२ च्या ‘अक्वा’ या लघुपटातही त्यांनी समुद्राला घाबरणारे मांजर रंगवले होते.

होडीत मांजराआधी एक कॅपिबारा (दक्षिण अमेरिकेतला उंदराच्या कुळातला मोठा प्राणी) बसलेला असतो. पुढे चकाकणाऱ्या वस्तू टोपलीत साठवणारा लेमूर (माकडासारखा प्राणी), सर्वांशी खेळायला आसुसलेला लॅब्राडोर कुत्रा आणि पंख मोडलेला सेक्रेटरी पक्षी (लांब पायांचा आफ्रिकी शिकारी पक्षी) येऊन मिळतात. पक्ष्याची गोष्ट विशेष चटका लावणारी आहे. परक्या मांजराची बाजू घेतली म्हणून त्याच्याच थव्याचा म्होरक्या त्याला जायबंदी करतो आणि थवा त्याला टाकून उडून जातो. त्यानंतर तो होडीचे सुकाणू पायाने सांभाळतो आणि बुडालेल्या नगरातल्या मनोऱ्यांमधून वाट काढतो. मनूची नौका किंवा नोहाचे तारू आठवणे साहजिक आहे, पण साम्य वरवरचे आहे. तिथे वाचणाऱ्यांची निवड झालेली असते, कुणीतरी आधी सावध केलेले असते. इथे कुणाला निवडलेले नाही, कुणाला आज्ञा नाही. जो तो योगायोगाने चढला आहे आणि बाकीच्यांशी जमवून घेणे त्याला येत नाही. मनूच्या कथेतल्या माशाची आठवण करून देणारा एक प्रचंड देवमासा मात्र आहे. ओळखीच्या कुठल्याच जातीशी न जुळणारा हा जीव बुडणाऱ्या मांजराला पाण्याबाहेर आणतो.

प्राणी माणसासारखे बोलत नाहीत, नाचत-गात नाहीत. मांजर मांजरासारखेच वागते: दचकते, फिसकारते, संशय घेते, आणि विश्वास बसला की न सांगता शेजारी येऊन झोपते. आवाज खऱ्या प्राण्यांचे वापरले आहेत. कॅपिबाराचा खरा आवाज त्याच्या संथ स्वभावाला शोभेना, म्हणून त्याला उंटाच्या पिल्लाचा आवाज दिला. सुकाणू धरणे किंवा दोर ओढणे या गोष्टी प्राण्यांच्या आवाक्याबाहेरच्या आहेत हे खरे. पण त्या इतक्या हळूहळू येतात की खटकत नाहीत. झिल्बालोडिस यांनी रिहार्ड्स झाल्युपे यांच्यासह दिलेले संगीतही संयमित आहे. कित्येक ठिकाणी ते बाजूला होते आणि फक्त पाणी ऐकू येते.

चित्रपट ब्लेंडर या मोफत, मुक्तस्रोत संगणकप्रणालीत तयार झाला. खर्च सुमारे ३५ लाख युरो, म्हणजे मोठ्या अमेरिकी स्टुडिओंच्या तुलनेत नगण्य. वेळ मात्र पाच वर्षांहून जास्त लागला. झिल्बालोडिस यांनी आधीचा ‘अवे’ (२०१९) एकट्याने केला होता. इथे ते प्रथमच चमूसह काम करत होते. मातिस काझा सहलेखक होते. परक्यांबरोबर काम करायला शिकणे हा विषय मांजराइतकाच आपलाही आहे, असे झिल्बालोडिस यांनी सांगितले आहे. कागदावर दृश्यांची आखणी न करता त्यांनी संगणकातल्या त्रिमित जगात कॅमेरा फिरवूनच दृश्ये शोधली. प्राण्यांच्या अंगावरचा केसन् केस रेखाटलेला नाही. रंगाचे सपाट, खरखरीत पट्टे आहेत. काहींना हे रूप अपुरे, व्हिडिओ गेमसारखे वाटते. प्रस्तुत लेखकाला ते लाभाचे वाटते: तपशील कमी असल्याने डोळा अंगाच्या हालचालीवर, कानांच्या वळण्यावर आणि पाण्यावर हलणाऱ्या उजेडावर टिकतो.

शेवटाकडे पूर ओसरतो. प्रेक्षकाने इतका वेळ याचीच वाट पाहिलेली असते. कॅपिबारासह होडी दरीवर झाडात लटकते, बाकीचे दोर ओढतात आणि तो थोडक्यात वाचतो. आनंद पुरता होण्याआधीच मांजराला जंगलात तो देवमासा सापडतो, कोरड्या जमिनीवर पडलेला, श्वास मोजत असलेला. ज्या पाण्याने मांजराचे घर बुडवले त्याच पाण्यावर या जीवाचे प्राण अवलंबून होते. मांजर त्याच्या डोक्याला डोके घासते. त्याहून जास्त काही त्याला करता येत नाही. चित्रपटाच्या आरंभी मांजर पाण्यात आपले प्रतिबिंब बघत असते, एकटे. अखेरीस तसेच पाणी आहे आणि त्यात मांजर, कॅपिबारा, लेमूर व लॅब्राडोर अशी चार प्रतिबिंबे आहेत. श्रेयनामावलीनंतर समुद्रात पोहणारा देवमासा क्षणभर दिसतो. तो हाच का, की दुसरा, की पाणी पुन्हा चढले आहे, हे दिग्दर्शकाने उघडे ठेवले आहे.

मे २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या ‘अं सर्तें रगार’ विभागात चित्रपट प्रथम दाखवला गेला. त्यानंतर फ्रान्समधील आनसी अ‍ॅनिमेशन महोत्सवात चार पुरस्कार, जानेवारी २०२५ मध्ये गोल्डन ग्लोब आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. लॅटव्हियाला मिळालेले हे पहिले ऑस्कर. देशातल्या चित्रपटगृहांत तो आजवरचा सर्वाधिक पाहिला गेलेला चित्रपट ठरला. गोल्डन ग्लोबची बाहुली राजधानी रीगाच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात ठेवली तेव्हा ती पाहायला रांगा लागल्या. शहरात त्या मांजराचे शिल्पही उभे राहिले.