जाब विचारणं वेगळं आणि वाळीत टाकणं वेगळं

समाजाच्या मीटिंगमध्ये कोणीतरी माईकवर काहीतरी बोलून जातं, आणि आठवड्याभरात त्याच्या घरी जाणंयेणं बंद होतं, वर विचारलं की उत्तर ठरलेलं, "आम्ही फक्त जाब विचारला." नाही हो, जाब असा विचारत नाहीत.

ग्रामसभेचंच घ्या. एकानं उठून सांगितलं की पाण्याच्या टाकीच्या कामात सरपंचांनी पैसे खाल्ले. लगेच दुसरा म्हणतो, "कागद दाखव, नाहीतर शब्द मागे घे." मग तो एकतर बिलं काढतो नाहीतर "ऐकलं होतं तसं बोललो, चुकलं" म्हणतो, प्रोसिडिंगला दोन ओळी लिहिल्या जातात, विषय संपला. आवाज चढतात, कोणी कोणाचा बाप काढतं, ते चालायचंच. चारचौघांत आरोप केलास तर चारचौघांत उत्तर दे, ही मागणी रास्तच आहे, आणि खोटं बोलून वर भाषणस्वातंत्र्य सांगणाऱ्याला तर ती झालीच पाहिजे.

वाळीत टाकायची बैठक मात्र बहुतेक वेळा तो माणूस नसतानाच होते. तो काय बोलला, खरं की खोटं, हे बाजूलाच राहतं आणि शिक्षा मिळते ती बोललीच नाही अशा बायकोला, म्हाताऱ्या आईला, लग्नाच्या पोरीला. हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही, ठरलेली सोयरीक मोडते, मयताला खांदा द्यायला माणूस मिळत नाही. परत घ्यायचं तर पंचांना दंड भरा आणि पाया पडा, आणि त्या दंडाची पावती मागून बघा एकदा!

आगरकरांच्या बाबतीत तर दोन्ही झालं. त्यांच्या सुधारकी मतांवर टिळक 'केसरी'तून तुटून पडायचे, आगरकर 'सुधारक'मधून उलट उत्तर द्यायचे, कडाक्याचं भांडण होतं पण मुद्द्याला मुद्दा होता. सनातन्यांनी मात्र जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली, आता त्याला माणसानं काय उत्तर द्यायचं? (टिळकही सुटले नाहीत म्हणा, 1890 मध्ये पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानड्यांबरोबर त्यांच्यावरही ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, झालं.)

कायद्याची गोष्ट जरा लांबलेली आहे. मुंबई राज्यानं 1949 मध्येच बहिष्कृत करण्यावर बंदी घातली होती, पण 1962 मध्ये सुप्रीम कोर्टानं दाऊदी बोहरा या मुस्लिम पंथाच्या केसमध्ये धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो कायदा रद्द केला, आणि मग इतकी वर्षं काहीच नाही. अंनिसनं (अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं) 2013 पासून जातपंचायतीला मूठमाती अभियान चालवलं, एकेक प्रकरण बाहेर काढलं, तेव्हा कुठे 2016 मध्ये विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि जुलै 2017 पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि चिथावणी देणाराही सुटत नाही.

आता यात एक गोची आहे. तुम्ही मला शिव्या घातल्या म्हणून मी तुम्हाला पोराच्या लग्नाला बोलावलं नाही, तर तो माझा राग झाला, बहिष्कार नाही. पण "त्याला जो बोलावेल त्यालाही दंड" असं कोणी ठरवलं की खेळच बदलतो, कारण मग ज्यांचं त्याच्याशी काही वाकडं नाही तेही भीतीपोटी तोंड फिरवतात. मला विचाराल तर सगळ्यात सोपं म्हणजे सरळ विचारायचं, मी नक्की काय केलं की हे मिटेल? जाब विचारणारा लगेच सांगतो, पुरावा दे नाहीतर माफी माग. वाळीत टाकणारे "बघू, समाज ठरवेल" म्हणतात.

असं झालं तर तक्रार पोलिसांकडे करता येते, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही करता येते. अडचण पुराव्याची, कारण असले ठराव कोणी कागदावर आणत नाही, सगळं तोंडी. म्हणून फोनचं रेकॉर्डिंग, मेसेज, आमंत्रण देऊन मग "येऊ नका" म्हणणाऱ्याचं नाव आणि तारीख, हे सगळं पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.