मिनिटाला हजार शब्द? डोळे असं वाचत नाहीत

परीक्षा संपत आल्या की सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर उन्हाळी वर्गांच्या जाहिराती फिरू लागतात. त्यांत 'स्पीड रीडिंग'ची एक हमखास असते: मिनिटाला हजार शब्द, तेही सगळं लक्षात ठेवून! इंग्रजी सहज वाचणारा प्रौढ माणूस मिनिटाला सरासरी 240च्या आसपास शब्द वाचतो. हा वेग चौपट का होत नाही, ते डोळ्यांतच दडलेलं आहे.

नजर ओळीवरून सरळ पुढे सरकते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात डोळा साधारण पाव सेकंद थांबतो, उडी मारतो, पुन्हा थांबतो. उडीच्या 20 ते 35 मिलिसेकंदांत मेंदू दृश्याची नोंद जवळजवळ दाबून टाकतो. आरशासमोर उभं राहून स्वतःच्या एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे बघा, बुबुळं हललेली दिसणारच नाहीत. सेल्फी कॅमेऱ्यात मात्र दिसतील, कारण तिथलं चित्र किंचित उशिरा येतं.

थांबावं लागतं, कारण बारीक अक्षर ओळखणारा दृष्टिपटलाचा भाग फार छोटा आहे. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या रुंदीएवढंच आपल्याला स्पष्ट दिसतं.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग. 1975 साली जॉर्ज मॅककॉन्की आणि कीथ रेनर यांनी संगणकाला वाचकाच्या डोळ्यांचा माग काढायला लावलं. नजर जिथे असेल तिथली थोडीच अक्षरं खरी ठेवायची, बाकी सगळीकडे निरर्थक अक्षरं भरायची. डोळा उडाला की ही खिडकीही त्याच्याबरोबर उडते. शेजारून बघणाऱ्याला पडद्यावर नुसता गोंधळ दिसतो, पण खिडकी पुरेशी मोठी असेल तर वाचणारा नेहमीच्या वेगाने वाचत राहतो. ती लहान केली की वेग ढासळतो. अशा प्रयोगांतून कळलं की इंग्रजी वाचक नजरेच्या डावीकडची तीन-चार आणि उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरंच उपयोगात आणतो. मात्रा आणि जोडाक्षरांच्या देवनागरीला हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत.

ही खिडकी एकीकडे झुकलेली का? 1981 साली हिब्रू आणि इंग्रजी दोन्ही जाणणाऱ्या वाचकांवर तोच प्रयोग झाला. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, आणि ती वाचताना त्याच माणसांची खिडकी डावीकडे झुकली! म्हणजे हा कल डोळ्याचा नसून लक्षाचा आहे. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू शेजारी नांदतात. उर्दू शाळेतलं पोर पुस्तक मिटून मराठी पाटी वाचतं, तेव्हा त्याचं लक्षही असंच कूस बदलत असणार.

याच सुट्टीत डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्गही भरतात. प्रकाश दृष्टिपटलावर पडल्याशिवाय छापील अक्षर दिसत नाही. मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात. ती फट बुजवा, विद्या तिथेच संपते. लहान मुलांना खोटं वागायला लावणाऱ्या या धंद्याची मला मनस्वी चीड आहे.

स्पीड रीडिंगची काही ॲप्स एकेक शब्द एकाच जागी भराभर दाखवतात: उड्या वाचल्या, वेळ वाचला. पण आपल्या दहा-पंधरा टक्के उड्या मागे जाणाऱ्या असतात. 2014 साली संशोधकांनी वाचून झालेले शब्द लगेच झाकून टाकले, तेव्हा वाचकांचं आकलन घसरलं. मागे वळून पाहणं हा वाचनाचाच भाग आहे, आणि ही ॲप्स नेमकं तेच काढून घेतात.

मोबाईलवर मागे वळता येतं, पण मजकूर सरकल्यामुळे वाक्य 'डाव्या पानावर, खाली' अशा ठरलेल्या जागी राहत नाही. कागद आणि पडद्याची तुलना करणारे 54 अभ्यास 2018मध्ये एकत्र तपासले गेले. त्यांतले वाचक 1,70,000हून जास्त होते. माहितीपर मजकुरात कागद सरस ठरला, वेळेचं बंधन असताना तर अधिकच. कथांमध्ये तसा फरक आढळला नाही. म्हणून गोष्ट खुशाल मोबाईलवर वाचावी. परीक्षेच्या आदल्या रात्री इतिहासाचा धडा मात्र छापील पुस्तकातूनच.