म्हणजे कपड्यांचं का?

माझी भाची खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत यूएक्स डिझायनर आहे. ॲपमधलं बटण कुठे असावं, पैसे भरताना माणूस कुठे अडखळतो, हे पाहणं तिचं काम. घरात कार्य निघालं की सदाशिव पेठेतली आत्या दर वेळी विचारते, ‘‘डिझायनर म्हणजे कपड्यांचं का गं?’’ भाची चिडते.

पण डिझायनर कसा घडतो हे समजायला शिंप्याचं दुकान वाईट नाही. मानवशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी १९७०च्या दशकात लायबेरियातल्या शिंप्यांकडे काम शिकणाऱ्या पोरांचा अभ्यास केला. पोरगा आधी बटणं लावी, हातशिलाई करी, मग मशीनवर बसे. कापड बेतायला मिळे ते सगळ्यात शेवटी. बेतण्यात चूक झाली की कापड वाया, बटणाचं काय, उसवता येतं! एटिएन वेंगर यांच्यासह १९९१मध्ये लेव्ह यांनी मांडलं, की हे नुसतं कसब शिकणं नव्हे; पोरगा हळूहळू शिंपी ‘होत’ असतो. भाचीचे पहिले सहा महिने एकाच बॅनरची वीस मापं करण्यात गेले. तेही काज-बटणच.

बदलतं ते डोक्याच्या आत. ब्रिटनमध्ये संशोधक ब्रायन लॉसन यांनी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचे आणि विज्ञानाचे पदव्युत्तर विद्यार्थी एकाच कोड्याला बसवले. रंगीत ठोकळे असे मांडायचे, की कडेने लाल किंवा निळा रंग जास्तीत जास्त दिसावा. मात्र कुठले ठोकळे चालतात याचा एक छुपा नियम होता. विज्ञानवाल्यांनी नाना जोड्या लावून आधी तो नियम हुडकला. आर्किटेक्चरवाल्यांनी थेट हवा तो रंग सगळ्यात जास्त दाखवणारी मांडणी केली. ती नाकारली गेल्यावर त्याखालोखालची. मला याहून मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्यांना आणि आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना तेच कोडं दिलं, तेव्हा असा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे ‘जात्याच डिझायनर’ वगैरे आपण उगाच म्हणतो. ती खोड स्टुडिओत, ज्युरीपुढे, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांपुढे, कामाची चिरफाड होता होता लागत असावी.

मग लोकांसमोर डिझायनर म्हणून उभं राहणं आलं. व्यवस्थापनाच्या अभ्यासक हर्मिनिया इबारा यांनी १९९९मध्ये बँकर आणि सल्लागारांबद्दल लिहिलं, की नव्या भूमिकेत शिरताना माणूस वरिष्ठांची ढब अंगावर चढवून बघतो, आणि आतून-बाहेरून येणारा कौल पाहून ती ठेवतो किंवा टाकतो. भाची काही महिने बॉससारखी काळे टी-शर्ट घालून तुटक बोलायची. मापात बसेना, सोडून दिलं.

परवा आत्याने नातवाच्या मुंजीची पत्रिका करायला सांगितली. भाचीने काही विचारलं नाही. रात्रीच तीन नमुने पाठवले. सकाळी उत्तर आलं, ‘‘दुसरा छान. पण मुहूर्त मोठ्या अक्षरांत हवा, आणि आजोळची नावं कुठायत?’’ दुपारपर्यंत चौथा नमुना गेला.