बेलग्रेड : नामवंत रहिवासी आणि पाहुणे

सर्बियाची राजधानी आणि त्याआधी युगोस्लाव्हियाची राजधानी असलेले बेलग्रेड सावा आणि डॅन्यूब या नद्यांच्या संगमावर वसले आहे. संगमावरच्या टेकाडावर कालेमेग्दानचा किल्ला आहे. मध्य युरोपातून इस्तंबूलकडे जाणारी वाट याच किल्ल्याखालून जात असे. त्यामुळे सैन्ये इथे आली, तसेच वकील, व्यापारी, प्रवासी आणि देशोधडीला लागलेली माणसेही आली. या शहराच्या इतिहासातली मोठी नावे पाहिली तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते : त्यांतली बहुतेक माणसे इथे जन्मलेली नाहीत. ती बाहेरून आली, राहिली आणि इथलीच झाली.

रोमन काळात या गावाचे नाव सिंगिडूनम होते. या मातीत जन्मलेला पहिला नामवंत म्हणजे सम्राट जोव्हियन (जन्म ३३१). त्याला राज्य जेमतेम आठ महिने लाभले. ‘बेओग्राद’, म्हणजे पांढरे शहर, हे स्लाव्ह नाव पहिल्यांदा आढळते ते पोप आठवा जॉन याने ८७८ साली बल्गेरियाच्या बोरिसला लिहिलेल्या पत्रात. सर्बांची राजधानी म्हणून शहराला रूप दिले देस्पोत (ही सर्ब राज्यकर्त्याची पदवी) स्टेफान लाझारेविचने, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला. तो लढवय्या होता आणि कवीही. त्याची ‘प्रेमाचे वचन’ ही रचना जुन्या सर्बियन साहित्यातले रत्न मानली जाते. १४२७ साली तो वारला आणि शहर हंगेरीकडे गेले.

१४५६ साली कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकणारा सुलतान दुसरा मेहमेद स्वतः वेढा घालायला आला. हंगेरीचा सेनापती हुन्यादी यानोश आणि वृद्ध साधू जोव्हान्नी दा कापिस्त्रानो यांनी त्याला परतवले. पण विजयानंतर छावणीत साथ पसरली, आणि हुन्यादी त्याच ऑगस्टमध्ये नदीपलीकडच्या झेमुनला मरण पावला. १५२१ मध्ये सुलतान सुलेमानने शहर घेतलेच. त्याने इथल्या अनेक सर्ब कुटुंबांना इस्तंबूलजवळ नेऊन वसवले. तिथल्या एका अरण्याला आजही बेलग्रेडचेच नाव आहे.

ऑटोमन बेलग्रेडचे सर्वांत जिवंत चित्र एका इंग्रज बाईने काढले. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही इंग्लंडच्या इस्तंबूलमधल्या नव्या वकिलाची पत्नी. १७१७ च्या फेब्रुवारीत नवऱ्याबरोबर जाताना तिचा मुक्काम इथे पडला. वाटेत कार्लोवित्झजवळ ऑस्ट्रिया आणि ऑटोमन यांच्यातल्या आदल्या वर्षीच्या लढाईचे मैदान लागले; बर्फात माणसांची नि घोड्यांची न पुरलेली प्रेते तशीच पडलेली होती. बेलग्रेडमध्ये त्यांची सोय अहमद बेग नावाच्या एका विद्वान गृहस्थाच्या घरी झाली. रोज संध्याकाळी जेवणाला तो सोबत बसे, अरबी कविता समजावून सांगे आणि त्याच्या रिवाजातल्या बायकांच्या स्थितीबद्दल मोकळेपणाने बोले. ही हकीकत तिने कवी अलेक्झांडर पोपला पत्रातून कळवली. पुढे इस्तंबूलला तिने देवीची टोचणी पाहिली आणि आपल्या मुलाला करवून घेतली, ती गोष्ट सर्वांना माहीत आहे. बेलग्रेडच्या या तीन आठवड्यांकडे मात्र कमीच लोकांचे लक्ष जाते. प्रवासवर्णन म्हणून या पत्रांची किंमत मोठी आहे, कारण त्यात शत्रूच्या घरातला माणूस माणसासारखा दिसतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सॅव्हॉयचा राजपुत्र युजीन तोफा घेऊन आला आणि शहर ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेले.

एकोणिसाव्या शतकाचा आरंभ दोन शिक्षकांचा आहे. दोसितेय ओब्रादोविच हा बानातमध्ये जन्मलेला, मठ सोडून युरोपभर हिंडलेला विद्वान. पुढे शहर पुन्हा ऑटोमनांकडे गेले होते; त्यांच्याविरुद्धच्या सर्ब उठावानंतर मोकळ्या झालेल्या बेलग्रेडमध्ये तो १८०७ साली आला, १८०८ साली त्याने ‘थोर शाळा’ उघडली आणि सर्बियाचा पहिला शिक्षणमंत्री झाला. या शाळेच्या पहिल्या विद्यार्थ्यांत वुक कराजिच होता. ‘जसे बोलता तसे लिहा’ हे सूत्र धरून त्याने सर्बियन लिपी आणि व्याकरण नव्याने रचले : एका ध्वनीला एक अक्षर. देवनागरीत वाढलेल्या वाचकाला हे सहज पटेल. सर्बियन चर्चच्या धुरिणांना मात्र त्याच्या आयुष्यभर ते पटले नाही. वुक १८६४ साली व्हिएन्नात वारला. १८९७ मध्ये त्याच्या अस्थी आणून बेलग्रेडच्या मुख्य कॅथेड्रलपुढे दोसितेयच्या शेजारी ठेवल्या.

निकोला टेस्ला या शहरात राहिला नाही. आज विमानतळाला त्याचे नाव आहे, पण प्रत्यक्षात तो इथे आला एकदाच, १८९२ च्या जूनच्या पहिल्या दिवसांत. आईच्या मृत्यूला दोन महिनेही झाले नव्हते. त्याने थोर शाळेच्या विद्यार्थ्यांपुढे भाषण केले, तरुण राजा अलेक्सांदर ओब्रेनोविचला भेटला. सत्काराच्या वेळी वृद्ध कवी योवान योवानोविच झ्माय याने त्याच्यावर रचलेली कविता वाचली, तेव्हा टेस्लाने उठून कवीच्या हाताचे चुंबन घेतले. नंतर तो अमेरिकेला परतला आणि परत कधी आला नाही. १९४३ मध्ये न्यूयॉर्कला त्याचा अंत झाल्यावर भाच्याने, सावा कोसानोविचने, त्याची कागदपत्रे आणि वस्तू बेलग्रेडला पाठवल्या. क्रुन्स्का रस्त्यावरच्या एका बंगल्यात १९५२ साली संग्रहालय स्थापन झाले. दीड लाखाहून अधिक कागद तिथे आहेत आणि एका दालनात सोनेरी गोल कलशात टेस्लाची रक्षा ठेवली आहे. तीन दिवसांचा पाहुणा असा कायमचा रहिवासी झाला.

मिलुतिन मिलांकोविच व्हिएन्नातली चांगली नोकरी सोडून १९०९ साली बेलग्रेड विद्यापीठात आला आणि १९५८ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. पृथ्वीच्या कक्षेचा आकार, आसाचा कल आणि आसाची भोवऱ्यासारखी फिरती दिशा यांत हजारो वर्षांच्या फेऱ्यांत फरक पडतो, त्यामुळे उत्तरेकडच्या उन्हाळ्यातले ऊन कमीजास्त होते आणि हिमयुगे येतात-जातात, हे त्याने आकडेमोड करून दाखवले. सगळे गणित कागद-पेन्सिलीचे. त्याचा मुख्य ग्रंथ १९४१ साली छापखान्यात होता. ६ एप्रिलला जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बाँब टाकले; छापखाना उद्ध्वस्त झाला, पण बहुतेक फर्मे आधीच छापून झाले होते, थोडेच पुन्हा छापावे लागले. त्याच दिवशी कोसांचिचेव्ह व्हेनाक इथले राष्ट्रीय ग्रंथालय जळून खाक झाले. लाखो पुस्तके आणि मध्ययुगीन हस्तलिखिते गेली. त्या जागेवर पुन्हा ग्रंथालय बांधले गेले नाही. जळक्या इमारतीचे अवशेष तसेच राहू दिले आहेत.

या बाँबहल्ल्यानंतर इव्हो आंद्रिच शहरात परतला. तोवर तो बर्लिनमध्ये युगोस्लाव्हियाचा राजदूत होता. जर्मनांनी त्याला स्वित्झर्लंडला जाण्याची मुभा देऊ केली, ती त्याने नाकारली. प्रिझ्रेन्स्का रस्त्यावर एका ओळखीच्याच्या घरी भाड्याच्या खोलीत तो राहिला, सरकारी नोकरी सोडली आणि परकीय सत्ता असेपर्यंत एकही ओळ छापू दिली नाही. त्या खोलीत ‘द्रिना नदीवरील पूल’सह तीन कादंबऱ्या लिहून झाल्या. तिन्ही १९४५ साली प्रसिद्ध झाल्या. १९६१ मध्ये नोबेल मिळाले तेव्हा त्याने ती रक्कम बोस्नियातल्या ग्रंथालयांना देऊन टाकली. राजप्रासादाजवळच्या ज्या सदनिकेत तो पत्नी मिलित्सा बाबिचबरोबर राहत असे, तिथे आता संग्रहालय आहे आणि त्याची अभ्यासिका जशी होती तशी जपली आहे. या शहराचे सर्वांत चांगले लेखन शहर परक्याच्या ताब्यात असताना, बंद दाराआड झाले, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

पहिल्या महायुद्धाने आणलेली माणसेही विसरू नयेत. गुन्हे-अन्वेषण शास्त्राचा तज्ज्ञ आर्चिबाल्ड राइस सर्बियातल्या अत्याचारांची चौकशी करायला १९१४ साली आला आणि स्वित्झर्लंडमधली प्राध्यापकी सोडून बेलग्रेडचाच झाला. १९२९ साली वारल्यावर देह इथे पुरला, हृदय मात्र कायमाकचालान या रणशिखरावर नेले. स्कॉटिश डॉक्टर कॅथरीन मॅकफेल हिने युद्धानंतर इथे मुलांचे रुग्णालय उभारले. रशियन क्रांतीतून पळालेले हजारो निर्वासितही इथे स्थिरावले. त्या क्रांतीविरुद्ध लढलेल्या जनरल व्रांगेलची कबर ताश्मायदानजवळच्या रशियन चर्चमध्ये आहे.

भारतीय वाचकाला जवळची वाटेल अशी भेट नोव्हेंबर १९२६ मधली, रवींद्रनाथ टागोरांची. हंगेरी आणि झाग्रेब करून ते बेलग्रेडला आले आणि विद्यापीठात त्यांची व्याख्याने झाली. श्रोत्यांची गर्दी लोटली, पण विरोधही झाला. ‘झेनित’ या नियतकालिकाचा संपादक, बंडखोर कवी ल्युबोमिर मिचिच आणि त्याच्या मित्रांनी टागोरांविरुद्ध आणि गांधींच्या नावाने घोषणा दिल्या. मिचिचने टागोरांना उद्देशून अनावृत पत्रही छापले. त्यांना टागोर युरोपच्या उच्चभ्रूंना रिझवणारे वाटत होते, आणि गांधी हे युरोपला आव्हान देणारे. टागोरांवर हा अन्याय होता, असेच म्हणावे लागेल. तरी गांधी-टागोर वादाचे पडसाद बाल्कनमध्ये इतक्या लवकर उमटले होते, ही नोंद महत्त्वाची आहे.

कम्युनिस्ट युगोस्लाव्हियाचा नेता टिटो १८९२ साली क्रोएशियातल्या कुम्रोव्हेट्सला जन्मला. दुसऱ्या महायुद्धानंतर बेलग्रेड ही त्याची राजधानी झाली. १ ते ६ सप्टेंबर १९६१ या काळात अलिप्त राष्ट्रांची पहिली शिखर परिषद इथे भरली. २५ देश पूर्ण सदस्य म्हणून आले. इजिप्तचे नासर, इंडोनेशियाचे सुकार्णो, घानाचे एन्क्रुमा, इथिओपियाचे हेले सेलासी एका दालनात बसले होते. परिषदेच्या तोंडावरच सोव्हिएत संघाने अणुचाचण्या पुन्हा सुरू केल्या. सुकार्णोंचा भर वसाहतवादावर होता; नेहरूंनी युद्ध टाळणे हाच आधीचा प्रश्न आहे असे मांडले. परिषद संपताच नेहरू आणि एन्क्रुमा शांततेचे आवाहन घेऊन मॉस्कोला गेले. त्याच महिन्यात सावेपलीकडच्या उश्चे इथे ‘मैत्री उद्याना’ची सुरुवात झाली. पाहुण्या राष्ट्रप्रमुखाने तिथे झाड लावायची प्रथा पडली. नव्या बेलग्रेडमध्ये आज एका रस्त्याला गांधींचे नाव आहे, एकाला नेहरूंचे. १९८० च्या मे महिन्यात टिटोच्या अंत्ययात्रेला इंदिरा गांधी आल्या होत्या. त्याची समाधी ‘फुलांचे घर’ या वास्तूत आहे.

अलीकडच्या पिढ्यांत मात्र इथेच जन्मलेली नावे वाढली : कादंबरीकार मिलोराद पाविच (१९२९), कलावंत मरिना अब्रामोविच (१९४६), टेनिसपटू नोव्हाक जोकोविच (१९८७). बुद्धिबळाचे तर हे माहेरघरच. १९७० साली सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग हा सामना इथे झाला आणि १९९२ मध्ये, देशावर आंतरराष्ट्रीय निर्बंध असताना, बॉबी फिशर आणि बोरिस स्पास्की यांच्या पुन्हा रंगलेल्या लढतीचा उत्तरार्ध बेलग्रेडमध्येच खेळला गेला.