मैदानात आकडी आली की चावी का शोधतात

गोव्यातल्या पेडण्यात भात कापून झालं की शेतातच गोलपोस्ट उभे राहतात आणि वाड्या-वाड्यांच्या मॅचेस चालू होतात. अशाच एका मॅचमध्ये दोन पोरं हेड मारायला एकदम उडाली, डोक्यावर डोकं आपटल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला, आणि त्यातला एक पडल्या पडल्या ताठ होऊन हातपाय झाडायला लागला. कोणी बाईकची चावी त्याच्या मुठीत कोंबली, कोणी चप्पल नाकाला लावली, एकजण दातात चमचा घालायला बघत होता. अर्ध्या मिनिटात सगळं थांबलं आणि चावीनेच थांबलं असं ठरलं. दुसरा पोरगा तोंडावर पाणी मारून परत खेळायला गेला, स्कोअर किती झाला ते तीनदा विचारत होता, पण त्याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. माझंपण नव्हतं.

चावीचा समज टिकला त्याचं कारण साधं आहे, आकडी बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते, मग तेव्हा जे केलं असेल त्याला श्रेय मिळतं. बाहेरची बाधा नाही, हा मेंदूचा आजार आहे हे ग्रीक वैद्यांनी सुमारे 2400 वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, आपल्याकडे आयुर्वेदातपण अपस्मार, म्हणजे मिरगी, आहेच. जीभ गिळली जाते हेसुद्धा खोटं, चमच्याने दात मात्र तुटतात.

डोक्याला मार लागल्या लागल्या येणारे झटके वेगळे. ऑस्ट्रेलियात 1997 मध्ये तिकडच्या फुटबॉल आणि रग्बीमधल्या अशा 22 खेळाडूंचा अभ्यास छापून आला, झटके आदळल्यापासून दोन सेकंदांत सुरू झालेले आणि त्यातून पुढे कोणालाच मिरगी जडली नाही. म्हणजे दिसायला भयंकर ते झटके, पण खरी काळजी त्या माराची.

आणि मार तर आपण कायम हलक्यात घेतला. गोव्यात फुटबॉल 1883 मध्ये शिवोलीत आला म्हणतात, तेव्हापासून चक्कर आलेल्याला पाणी मारून परत उभा करायचीच पद्धत. क्रिकेटमध्ये 1962 ला बार्बाडोसमध्ये बॉल लागून भारताचा कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टरची कवटी फुटली, परत टेस्ट खेळायला मिळाली नाही. 1998 ला ढाक्यात हेल्मेटशिवाय शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या भारताच्या रमण लांबाला डोक्यात बॉल लागला, तो स्वतःच्या पायाने बाहेर गेला आणि तीन दिवसांनी वारला. चालत गेला म्हणजे बरा आहे, हा आपला हिशेबच चुकीचा.

2001 ला व्हिएन्नात डॉक्टर पहिल्यांदा खेळातल्या कन्कशनवर, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूचं काम तात्पुरतं बिघडतं त्यावर, एकत्र बसले, आणि 2012 च्या झुरिकच्या बैठकीत स्पष्ट सांगितलं की कन्कशन झालेल्याने त्या दिवशी परत खेळायचंच नाही. आयसीसीने कन्कशनसाठी बदली खेळाडू 2019 पासून दिला, फुटबॉलच्या नियमात तो कायमचा 2024 ला आला.

करायचं काय ते थोडकंच. आकडीत हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात काही घालायचं नाही, आजूबाजूचे दगड बाजूला करायचे, घड्याळ बघायचं आणि झटके थांबले की कुशीवर वळवायचं. मार लागून पडला असेल तर मान पिरगळणार नाही असं डोकं आणि अंग एकत्र वळवायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं, लगेच दुसरी आली, किंवा डोक्याला लागून आली, तर 108.

त्या दुसऱ्या पोराला रात्री उलट्या झाल्या तेव्हा बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेला. तो बरा झाला, पण सेकंड हाफमधलं त्याला आजपण काही आठवत नाही.